अमेरिकेतल्या कंपनीत न वटलेले जुने चेक: अनक्लेम्ड प्रॉपर्टीचं तुम्ही काय करता?

एडिसनची_वैदेही

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतल्या एका लहान आयटी कंपनीचे हिशेब अलीकडेच माझ्याकडे आले. कंपनी नोंदलेली डेलावेअरला, ऑफिस एडिसनला, माणसं वेगवेगळ्या राज्यांत क्लायंटकडे बसलेली. जुने अकाउंटंट निवृत्त झाले आणि बँक रिकन्सिलिएशनमध्ये (बँकेच्या आणि आपल्या हिशेबाच्या जुळवणीत) न वटलेल्या चेकची लांबलचक यादी मागे राहिली. काही चेक पाच वर्षांपूर्वीचे आहेत. बरेचसे शेवटच्या पगाराचे: व्हिसा संपला, माणूस पुण्याला नाहीतर हैदराबादला परतला, इथलं बँक खातं बंद झालं, कागदी चेक जुन्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर गेला आणि विषय तिथेच थांबला. शिवाय दोन सबकॉन्ट्रॅक्टरची बिलं आहेत, आणि एका क्लायंटने एकच इन्व्हॉइस दोनदा भरलं त्याचं क्रेडिट पडून आहे.

आमचे मालक भले गृहस्थ आहेत, पण त्यांचं म्हणणं, "इतके जुने चेक व्हॉइड करा आणि मिसलेनियस इन्कममध्ये घ्या." मला हे मुळीच पटत नाही. ज्याने महिनाभर राबून काम केलं त्याचा तो पगार आहे. ज्यांचे इथे व्यवसाय आहेत किंवा जे अकाउंट्स बघतात, ते हे कसं सांभाळतात? आणि माझा खरा अडलेला प्रश्न: असे अनक्लेम्ड, म्हणजे ज्याचे त्याने न नेलेले, पैसे राज्याकडे भरावे लागतात ना, मग माणूस भारतात असेल तर ते कुठल्या राज्याकडे?

खतावणी

वैदेहीताई, तुमचं बरोबर आहे. मालकांना आजच सांगा, इन्कममध्ये एक सेंटही घ्यायचा नाही. मी सीपीए (इथला सीए) आहे आणि लहान कंपन्यांची ही कामं करतो. जवळपास प्रत्येक नवीन क्लायंटकडे हीच यादी आणि हाच सल्ला सापडतो.

कायद्याच्या भाषेत तुमची कंपनी 'होल्डर', म्हणजे दुसऱ्याचा पैसा हातात असलेली. ठरावीक काळ पैशाच्या खऱ्या मालकाने हालचाल केली नाही की तो पैसा राज्याकडे द्यायचा. राज्यही मालक होत नाही, सांभाळतं. बहुतेक राज्यांत मूळ माणूस कितीही वर्षांनी येऊन मागू शकतो.

कुठल्या राज्याकडे द्यायचा याचं उत्तर १९६५ च्या टेक्सास विरुद्ध न्यू जर्सी या निकालात आहे. सन ऑइल कंपनीकडे सुमारे १,७३० लोकांचे मिळून २६,४६१ डॉलर पडून होते. कंपनी नोंदलेली न्यू जर्सीत, मुख्य कार्यालयं पेनसिल्व्हेनियात, आणि टेक्सासचं म्हणणं की पैसे आमचे. सुप्रीम कोर्टाने दोन पायऱ्या ठरवून दिल्या. कंपनीच्या दप्तरात मालकाचा जो शेवटचा पत्ता आहे, त्या राज्याचा हक्क पहिला. पत्ताच नसेल, तर कंपनी जिथे नोंदलेली आहे त्या राज्याचा. १९९३ मध्ये डेलावेअर विरुद्ध न्यूयॉर्क निकालात हेच कायम राहिलं.

त्यामुळे तुमचं ऑफिस एडिसनला आहे याला इथे महत्त्व नाही. माणसाचा पत्ता प्लेनोचा असेल तर टेक्सास, फ्रीमॉंटचा असेल तर कॅलिफोर्निया. यादीत प्रत्येक नावापुढे पत्त्याचं राज्य लिहा. निम्मं काम तिथेच होतं.

शिवारातला

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही अशी यादी आहे.

प्रशांत_पार्सिपनी

एक शंका. चेकवरच छापलेलं असतं, ९० दिवसांनंतर बाद. बँकही सहा महिन्यांपेक्षा जुना चेक वटवायला बांधील नसते. मग देणं आपोआप संपलं ना? पैसे द्यायला कंपनी तयार होती, चेक काढला, पोस्टात टाकला. समोरच्याने भरला नाही तर कंपनीचा काय दोष?

खतावणी

प्रशांत, बाद होतो तो कागद. तुम्ही त्या माणसाला पगार देणं लागत होता, ते देणं चेकच्या आधीही होतं आणि नंतरही राहतं. चेक व्हॉइड केला तरी रक्कम खर्चात परत न वळवता वेगळ्या देणे खात्यात ठेवायची. माझ्या क्लायंटकडे मी 'अनक्लेम्ड प्रॉपर्टी पेएबल' असं खातंच उघडून देतो. ऑडिटर आला की आधी व्हॉइड केलेले चेक मागतो. का व्हॉइड केला, पुन्हा काढला का, चुकून दोनदा निघाला होता का, याचा पुरावा जोडलेला नसेल तर तो ते देणंच धरतो.

मुदतींचं थोडं, म्हणजे पैसा किती वर्षं पडून राहिला की राज्याकडे द्यायचा. पगाराला बऱ्याच राज्यांत १ वर्ष: न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया तिन्हीकडे. न्यूयॉर्कमध्ये पगारालाही ३ वर्षं. व्हेंडरच्या चेकना या चारही राज्यांत ३. डेलावेअरमध्ये बहुतेक गोष्टींना ५. भरण्याच्या तारखाही वेगळ्या: डेलावेअर १ मार्च, न्यूयॉर्क १० मार्च, टेक्सास १ जुलै, न्यू जर्सी १ नोव्हेंबर. कॅलिफोर्नियात दोनदा भरावं लागतं. नोव्हेंबरच्या आधी नुसती यादी द्यायची. मग राज्य स्वतः लोकांना पत्रं पाठवतं. तरी जे उरतात त्यांचे पैसे पुढच्या वर्षी १ ते १५ जूनमध्ये.

डॉक्टरीणबाईंचं_ऑफिस

माझ्या वहिनीचं डॅलसजवळ डेंटल क्लिनिक आहे, ऑफिस मी बघते. आमच्याकडे न वटलेले चेक कमी, पेशंट क्रेडिट जास्त. पेशंट अंदाजे रक्कम भरून जातो, नंतर इन्शुरन्स जास्त पैसे देतो, आणि चाळीस-पन्नास डॉलर पेशंटच्या नावावर शिल्लक राहतात. आधी जे सॉफ्टवेअर होतं, त्यात कोणीतरी वर्षाअखेरीला ही क्रेडिटं अॅडजस्टमेंट म्हणून शून्य करून टाकायचं. मी आल्यावर पहिल्यांदा ते बंद केलं. आता दर महिन्याला क्रेडिट बॅलन्सचा रिपोर्ट काढते, फोन करते, आणि पुढची अपॉइंटमेंट नसेल तर सरळ चेक पाठवते. राज्याकडे जाण्याइतकं जुनं काही उरतच नाही.

यात एक गोष्ट जपायला हवी. जास्तीचे पैसे पेशंटचे की इन्शुरन्स कंपनीचे, हे आधी ठरवावं लागतं. मेडिकेअरचे (ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचे) असतील तर ते राज्याकडे जात नाहीत, मेडिकेअरलाच परत. जास्त आल्याचं लक्षात आल्यापासून ६० दिवसांची मुदत असते.

मुक्तछंद

माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून मांडतो. राज्यांना या कायद्याची एवढी काळजी का, ते बघा. डेलावेअरला सेल्स टॅक्स नाही, पण देशातल्या लाखो कंपन्या तिथे नोंदलेल्या. पत्ता नसलेला सगळा पैसा दुसऱ्या पायरीने त्यांच्याकडे येतो आणि तो राज्याच्या उत्पन्नातला मोठा भाग आहे. ऑडिट करायला खाजगी कंपन्या नेमतात. त्यांना बऱ्याच ठिकाणी वसुलीच्या टक्केवारीवर मोबदला मिळतो. मुदती वर्षागणिक कमी करत आणल्या. हे मालकाला शोधण्यासाठी चाललंय असं मला वाटत नाही. लहान धंदेवाल्याने पन्नास राज्यांचे नियम पाठ करायचे, आणि ज्याचा पैसा त्याला कळतही नाही.

विधिज्ञा

मुक्तछंद यांच्या बोलण्यात तथ्य आहे, आणि कोर्टांनीही ते ऐकलं आहे.

टेंपल-इनलँड विरुद्ध कुक, २०१६. टेक्सासमधली कंपनी, नोंदणी डेलावेअरची. ऑडिट २००८ च्या शेवटी सुरू झालं आणि थेट १९८६ पर्यंत मागे गेलं. २००३ च्या आधीचे कागद कंपनीकडे नव्हते. पुढच्या वर्षांच्या आकड्यांवरून राज्याने मागच्या सगळ्या वर्षांचा अंदाज बांधला. पगाराच्या खात्यात हाताला लागलेला न भरलेला चेक १४७ डॉलर ३० सेंटचा. मागणी मात्र सुमारे १३ लाख ८८ हजार डॉलरची. फेडरल कोर्टाने राज्याची ही पद्धत सदसद्विवेकाला धक्का देणारी ठरवली. त्यानंतर २०१७ मध्ये डेलावेअरने कायदा बदलला. आता मागे जाण्याची मर्यादा १० वर्षं अधिक मुदतीचा काळ.

कॅलिफोर्नियातही तेच. मालकांना धड न कळवता त्यांचे शेअर ताब्यात घेऊन विकले जात होते. २००७ मध्ये नवव्या सर्किट कोर्टाने (पश्चिमेकडच्या राज्यांचं फेडरल अपील कोर्ट) ते थांबवलं. आज तिथे पैसे भरण्याआधी राज्य जी पत्रं पाठवतं, ती त्या लढ्यामुळे. २०१६ मध्ये असाच पुढचा खटला सुप्रीम कोर्टाने ऐकायला घेतला नाही, पण न्यायमूर्ती अलिटो यांनी वेगळं टिपण लिहून कमी होत चाललेल्या मुदतींबद्दल चिंता व्यक्त केली.

पण यातून 'मग कंपनीनेच ठेवावा' असं निघत नाही. राज्य हावरट असेल तर त्याच्याशी कोर्टात भांडावं. पुण्याला परतलेल्या मुलाचा पगार कंपनीने खिशात घालण्याचं समर्थन त्यात कुठे आहे?

मुक्तछंद

शेवटचं वाक्य मान्य. माझं म्हणणं इतकंच की राज्याकडे पाठवणं हा शेवटचा उपाय असावा. आधी माणूस शोधा.

खतावणी

कायदाही तेच म्हणतो. याला ड्यू डिलिजन्स म्हणतात. राज्याकडे भरण्याआधी मालकाला शेवटच्या पत्त्यावर पत्र पाठवणं सक्तीचं आहे. बऱ्याच राज्यांत ५० डॉलर किंवा जास्त रकमेला. न्यू जर्सीत अहवालाच्या ६० ते १२० दिवस आधी. कॅलिफोर्नियात ६ ते १२ महिने आधी. न्यूयॉर्कमध्ये ९० दिवस आधी साधं पत्र, आणि १,००० डॉलरच्या वर असेल तर ६० दिवस आधी सर्टिफाइड मेलने दुसरं. पत्राची प्रत, पाठवल्याची तारीख, परत आलेला लिफाफा, सगळं जपून ठेवा. परत आलेला लिफाफा फेकणारे फार भेटतात, आणि पुरावा तोच असतो.

आणि पत्रावर थांबू नका. ईमेल, लिंक्डइन, व्हॉट्सअॅप, बरोबर काम केलेल्या मित्राला फोन. कायद्याने मागितलेलं नसलं तरी पैसे त्यानेच पोचतात.

आजोळ_वाईचं

अनुमोदन. मी हे दुसऱ्या टोकाकडून अनुभवलंय. काही वर्षांपूर्वी मिसिंगमनी या संकेतस्थळावर सहज स्वतःचं नाव टाकलं. अनेक राज्यांच्या याद्या तिथे एकत्र शोधता येतात. शिकत असताना ज्या दुकानात अर्धवेळ काम केलं होतं, तिथला शेवटचा पगार राज्याकडे जमा होता. ओळखपत्र आणि जुन्या पत्त्याचा पुरावा दिला, चेक घरी आला. ते दुकान कधीच बंद झालंय. मालकाने वेळेवर राज्याकडे भरलं नसतं तर मी कोणाकडे मागणार होते?

सगळ्यांनी आपलं आणि आईवडिलांचं नाव एकदा शोधाच. जिथे जिथे राहिलात ती सगळी राज्यं. यासाठी कोणाला फी देऊ नका, राज्याकडून दावा फुकट करता येतो.

कट्ट्यावरचा_बंड्या

आत्ताच शोधलं. सासऱ्यांच्या नावावर निघाले. आज घरात माझा भाव वधारला आहे :)

गिरणगाव

अवांतर, पण विषयाला धरून. न दिलेल्या पगाराचं काय करायचं हा प्रश्न आपल्या मुंबईत अमेरिकेइतकाच जुना आहे. १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्यात अशा रकमांना 'अनपेड अॅक्युम्युलेशन्स' म्हटलं आहे. देय झाल्यापासून तीन वर्षं कामगाराला न दिलेली रक्कम कल्याण मंडळाकडे द्यायची. बॉम्बे डाइंग कोर्टात गेली आणि डिसेंबर १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या रकमांपुरता कायदा रद्द ठरवला. मंडळ पैसे घेणार, पण कामगाराच्या हक्काचं काय, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. पुढे कायदे दुरुस्त झाले. हा पैसा बेवारस मालमत्ता मानून, नोटीस लावून कामगारांकडून दावे मागवण्याची तरतूद आली. गुजरातच्या दुरुस्त कायद्याला श्री अंबिका मिल्सने आव्हान दिलं, ते १९७४ मध्ये टिकलं नाही.

माझे वडील गिरणीत होते. गावाला गेलेला, आजारी पडलेला, परत न आलेला कामगार किती असत ते त्यांच्याकडून ऐकलंय. वैदेहीताईंच्या यादीतली मुलं इंजिनिअर आहेत, पण गोष्ट तीच आहे.

सांगलीचा_शशी

भारतातलंच चाललंय तर: बँकेत १० वर्षं हालचाल नसलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या डीईए फंडात (दाव्याविना पडलेल्या ठेवींच्या निधीत) जातात, २०२३ पासून उद्गम पोर्टलवर शोधता येतात. डिव्हिडंड ७ वर्षं न घेतल्यास आयईपीएफ या सरकारी गुंतवणूकदार निधीकडे. मी आजोबांचे शेअर सोडवतोय, वारसाचे कागद जमवताना जीव मेटाकुटीला आलाय. त्यावर वेगळा धागा काढतो.

बेएरियातली_मीरा

माझं सनीव्हेलला छोटं खाऊचं दुकान आहे. गिफ्ट कार्डांचं कोणी सांगेल का? दिवाळीत लोक भरपूर घेतात आणि बरीचशी कार्डं वापरलीच जात नाहीत.

खतावणी

मीराताई, कॅलिफोर्नियात दुकानाची साधी गिफ्ट कार्डं राज्याकडे भरावी लागत नाहीत. पण ती मुदतीने बाद करता येत नाहीत, आणि १५ डॉलरपेक्षा कमी शिल्लक असेल (एप्रिल २०२६ च्या आधी ही मर्यादा १० होती) तर ग्राहकाने मागितल्यावर रोख द्यावी लागते. दुसऱ्या राज्यात शाखा किंवा वेगळी कंपनी काढलीत तर आधी विचारा. डेलावेअरमध्ये ५ वर्षांनी ती अनक्लेम्ड प्रॉपर्टी होतात.

तुमच्या दुकानाच्या कंपनीचं कॅलिफोर्नियाचं टॅक्स रिटर्न बघा. अनक्लेम्ड प्रॉपर्टीचा अहवाल भरला होता का, असा प्रश्न आता त्यात असतो. तिथे 'नाही' लिहिलं की राज्याला तुमचं नाव कळलं. उशिरा भरल्यास व्याज वर्षाला १२ टक्के आहे.

एडिसनची_वैदेही

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा छापून मालकांपुढे ठेवला. गिरणगाव यांचा प्रतिसाद वाचून ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आधी मुलांना फोन लावा." त्यांचे वडीलही गिरणीत होते, हे मला त्या दिवशी कळलं.

पुण्याला परतलेला एक जण व्हॉट्सअॅपवर सापडला. त्याला वाटत होतं की नोटीस पीरियड पूर्ण न केल्यामुळे कंपनीने पगार कापला! असं काही नव्हतं हे सांगितल्यावर त्याला फार बरं वाटलं. वायर ट्रान्सफरने पैसे पाठवतोय. करकपात तेव्हाच झाली होती आणि डब्ल्यू-टू (पगार आणि करकपातीचा वार्षिक दाखला) सुद्धा गेला होता, त्यामुळे निव्वळ रक्कमच.

पण दोघे अजून सापडत नाहीत. एकाचा दप्तरात प्लेनोच्या अपार्टमेंटचा पत्ता आहे. दुसऱ्याने जाताना एचआरला नाशिकचा पत्ता दिला होता आणि तो सिस्टीममध्ये चढवलेला आहे. दोघेही आज भारतातच असणार. मग?

प्रशांत_पार्सिपनी

पुण्याचा माणूस इतकी वर्षं हिशेब न विचारता राहिला, हे मात्र नवलच :)

विधिज्ञा

माणूस आज कुठे आहे हे बघायचं नाही, तुमच्या दप्तरात शेवटचा पत्ता कुठला आहे ते बघायचं. पहिला टेक्सासकडे, १ वर्षाची मुदत केव्हाच उलटली आहे. दुसऱ्याचा शेवटचा पत्ता परदेशातला, म्हणून पहिली पायरी लागत नाही. बहुतेक राज्यांनी ज्या एकरूप कायद्याचा नमुना घेतला त्यात अशा वेळी पैसे कंपनी नोंदलेल्या राज्याकडे जातात, म्हणजे तुमच्या बाबतीत डेलावेअर, आणि मुदतही डेलावेअरची. नाशिकच्या पत्त्यावर मात्र पत्र पाठवाच, घरचं कोणीतरी उघडेल.

एकदा राज्याकडे नीट भरलंत की त्या रकमेपुरती कंपनीची जबाबदारी संपते. उद्या तो तुमच्याकडेच आला तर राज्याकडे पाठवा, किंवा तुम्ही देऊन राज्याकडून भरपाई मागा.

खतावणी

थकलेल्या वर्षांबद्दल: नुसता उशिरा अहवाल भरू नका, आधी स्वेच्छा प्रकटन कार्यक्रम बघा, व्हीडीए म्हणतात तो. डेलावेअरमध्ये तो सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाकडे आहे, त्यात दंड आणि व्याज माफ होतं. न्यू जर्सीतही तसा कार्यक्रम आहे. ऑडिटची नोटीस यायच्या आत जायचं. डेलावेअरकडून व्हीडीएचं आमंत्रण आलं तर ९० दिवसांत उत्तर द्या, नाहीतर प्रकरण ऑडिटकडे जातं. कंपनीच्या नोंदणीकृत एजंटकडे (कंपनीच्या वतीने सरकारी पत्रं घेणाऱ्याकडे) असं पत्र येऊन पडलंय का, ते उद्याच विचारा. लहान कंपन्यांत ही पत्रं तिथेच अडकतात.

अहवालाची फाइल नाउपाच्या (राज्यांच्या अनक्लेम्ड प्रॉपर्टी अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या) ठरलेल्या नमुन्यात लागते. राज्यांच्या संकेतस्थळांवरून त्यासाठीचं मोफत सॉफ्टवेअर मिळतं, एवढ्या यादीला ते पुरेल. काही राज्यं देण्यासारखं काही नसलं तरी शून्याचा अहवालही मागतात, ते त्या त्या राज्याचं बघून घ्या.

एडिसनची_वैदेही

एजंटला ईमेल केला. सबकॉन्ट्रॅक्टरपैकी एकाला आजच पैसे गेले, तो अजून धंद्यात आहे. दुसऱ्याची कंपनी ओहायोतली होती, बंद पडलेली दिसते.

खतावणी

ओहायोत व्यवसायांमधल्या देण्याघेण्याला सूट आहे, पण कंपनी बंद झाली असेल तर मालक व्यक्तीला शोधायचा प्रयत्न करा आणि काय केलंत ते टिपून ठेवा. राहिलं क्लायंटचं क्रेडिट. ते पत्र त्यांच्या अकाउंट्स पेएबलला पाठवा, दोन्ही पेमेंटच्या तारखा आणि इन्व्हॉइस नंबर घालून. प्रोजेक्ट मॅनेजरला पाठवलंत तर तो पुढच्या बिलातून वळतं करा म्हणेल आणि ते पुन्हा तसंच पडून राहील.